रिसर्च पेपरसाठी लायब्ररीत पुस्तकंच सापडत नाहीयेत? ह्या क्रमाने तपासून बघा

मी मुंबईतल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत संदर्भ विभागाच्या टेबलावर बसते. सबमिशन जवळ आलं की रोज एकच तक्रार येते, "मॅडम, माझ्या टॉपिकवर आपल्याकडे एकपण पुस्तक नाहीये." मग आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसतो आणि बहुतेक वेळा पुस्तकं निघतात, कधी दोन, कधी दहा, पण निघतात. घोळ असतो तो शोधायच्या पद्धतीत, आणि दर वर्षी तो त्याच त्याच ठराविक ठिकाणी असतो, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय.

उदाहरणाला एकच विषय धरते, १९८२ चा मुंबईतला गिरणी संप. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, तिन्हीकडची मुलं हा विषय घेतात आणि शोधताना जे जे अडतं ते सगळं ह्या एका विषयात अडतं. तुमचा विषय वेगळा असेल तर शब्द बदला, क्रम हाच ठेवा.

आधी लक्षणं

तुमचं नक्की कुठे अडलंय ते बघा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि "काहीच मिळत नाही" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही.

- ओपॅकवर, म्हणजे लायब्ररीच्या ऑनलाइन यादीत, टॉपिक टाकला की शून्य रिझल्ट.
- उलटं, शेकडो रिझल्ट येतात आणि पहिल्या तीन पानांत कामाचं काही नाही.
- स्क्रीनवर 'अव्हेलेबल' दिसतंय पण कपाटात पुस्तक नाही.
- पुस्तक हातात आलं, घरी नेलं, आणि तुमच्या प्रश्नावर त्यात एक पान नाही.
- हातात छान यादी आहे, लेखक, नाव, साल सगळं आहे, पण ते पुस्तक जगात कुठेच सापडत नाही.
- पुस्तक आहे, पण दुसऱ्याच कुठल्यातरी लायब्ररीत.

आता तपासण्या, सगळ्यात सोप्या आणि फुकट असलेल्या आधी. मधली एखादी गाळून थेट शेवटाकडे जाऊ नका, कारण दादर-फोर्टला चक्कर मारून परत आल्यावर तेच पुस्तक आपल्याच कॉलेजच्या कपाटात निघालं की वैताग येतो, आणि असं खूप वेळा होतं.

१. सर्च बॉक्सच्या शेजारचा ड्रॉपडाऊन बघा

अर्ध्या मिनिटाचं काम आहे. बऱ्याच कॉलेजांमध्ये कोहा नावाचं सॉफ्टवेअर असतं, काही ठिकाणी स्लिम, सोल किंवा ई-ग्रंथालय असतं, पण बहुतेक ठिकाणी सर्च बॉक्सच्या शेजारी एक ड्रॉपडाऊन असतो, टायटल, ऑथर, सब्जेक्ट वगैरे. तिथे 'टायटल' निवडलेलं असेल तर तुम्ही टाकलेले सगळे शब्द पुस्तकाच्या नावातच असायला लागतात. आणि मुलं काय करतात, पेपरचं अख्खं नाव कॉपी करून तिथे पेस्ट करतात, 'अ स्टडी ऑफ द इम्पॅक्ट ऑफ मिल स्ट्राइक ऑन वर्कर्स फॅमिलीज इन मुंबई'. ह्या नावाचं पुस्तक कुणी लिहिलेलंच नाही, मग शून्य येणारच.

ड्रॉपडाऊन 'लायब्ररी कॅटलॉग' किंवा 'कीवर्ड' वर आणा आणि दोनच शब्द टाका. स्टडी, इम्पॅक्ट, रोल, अॅनालिसिस हे शब्द काढून टाका, ते तुमच्या पेपरचे आहेत, पुस्तकांचे नाहीत. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

२. शब्द बदला

ह्या तपासणीला वेळ द्या, पंधरा-वीस मिनिटं तरी, कारण खरा घोळ बहुतेक इथेच असतो. कॅटलॉग गुगलसारखा नाही. तुम्हाला काय म्हणायचंय ते तो ओळखत नाही, फक्त अक्षरं जुळवतो. तुम्ही 'मुंबई मिल वर्कर्स' टाकलंत आणि पुस्तकावर 'बॉम्बे टेक्स्टाइल' लिहिलेलं असेल तर त्याच्या लेखी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संपावरची पुस्तकंच बघा. शहराचं नाव इंग्रजीत अधिकृतपणे मुंबई झालं १९९५ ला. त्याच्या आधीच्या इंग्रजी पुस्तकांवर बॉम्बेच असणार, आणि नंतरच्याही बऱ्याच अभ्यासकांनी बॉम्बेच ठेवलंय. ह्या संपावरचा सगळ्यात सविस्तर अभ्यास म्हणजे व्हॅन वर्श यांचं १९९२ चं पुस्तक, त्याचं नावच 'बॉम्बे टेक्स्टाइल स्ट्राइक' ने सुरू होतं. त्यात 'मुंबई' नाही, 'मिल' नाही, 'वर्कर्स' नाही. म्हणजे तुमच्या तीन शब्दांपैकी एकही नाही, आणि हे पुस्तक तर तुमच्या विषयावरचं पहिलं पुस्तक!

दुसरं बघा. मॉरिस डी. मॉरिस यांचं १९६५ चं पुस्तक अमेरिकेत छापलंय म्हणून त्यात लेबर हा शब्द अमेरिकन स्पेलिंगने आहे, 'यू' शिवाय. तुम्ही 'यू' घालून शोधलंत तर ते निसटतं.

तिसरं, नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं गिरणगावच्या मौखिक इतिहासाचं २००४ चं पुस्तक. त्याच्या मुख्य नावात शंभर वर्षं आणि शंभर आवाज एवढंच आहे, मुंबई नाही, संप नाही, गिरणी नाही. उपशीर्षकात मिलवर्कर्स आहे पण तो जोडून लिहिलेला एक शब्द आहे, तुम्ही 'मिल' स्पेस 'वर्कर्स' टाकलंत की गेलं. ह्याचं मराठी 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' ह्या नावाने आहे, आणि मराठीतून पेपर लिहिणाऱ्या मुलांनाही ते माहीत नसतं ह्याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यात कामगार स्वतः बोललेत, चाळीतली माणसं, खानावळ चालवणाऱ्या बायका, युनियनचे कार्यकर्ते.

तेव्हा एक कोरा कागद घ्या आणि विषयाचे तुकडे पाडून प्रत्येकासमोर दुसरे शब्द लिहा. जागा: मुंबई, बॉम्बे, गिरणगाव, परळ, लालबाग. माणसं: मिल वर्कर्स, मिलवर्कर्स, टेक्स्टाइल वर्कर्स, लेबर दोन्ही स्पेलिंगने, वर्किंग क्लास, कामगार. घटना: स्ट्राइक, इंडस्ट्रियल डिस्प्यूट, ट्रेड युनियन, संप. नावं: दत्ता सामंत, राष्ट्रीय मिल मजदूर संघ, गिरणी कामगार युनियन. मग एका रांगेतला एक शब्द आणि दुसऱ्या रांगेतला एक, अशा जोड्या करून टाका. जिथे स्पेलिंगची शंका असेल तिथे अर्धा शब्द टाकून शेवटी स्टारचं चिन्ह द्या, बऱ्याच ओपॅकमध्ये चालतं, म्हणजे टेक्स्टाइल आणि टेक्स्टाइल्स दोन्ही येतात.

मराठी पुस्तकांचा त्रास अजून वेगळा. काही लायब्ऱ्यांनी मराठी पुस्तकं देवनागरीत भरलीत, काहींनी रोमनमध्ये, आणि रोमनमध्ये ज्याने डेटा एंट्री केली त्याच्या मनाप्रमाणे. 'गिरणी' हा एकच शब्द मी तीन प्रकारे लिहिलेला बघितलाय, र नंतर 'ए' असलेला, 'ए' नसलेला आणि शेवटी डबल 'ई' वाला. देवनागरीत शोधताना ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही करून बघा, 'गिरणी कामगार' सुटं आणि जोडून दोन्ही टाका. आणि स्क्रीनवर मराठी नावाच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसली तर तो जुन्या फॉन्टमध्ये भरलेला डेटा आहे, तो शोधून मिळणारच नाही, तिथे थांबा आणि थेट लायब्ररीतल्या माणसाला विचारा. जुनी कार्ड कॅटलॉगची लाकडी खणं अजून असतील तर ती उघडा, मराठीसाठी ती कित्येकदा कॉम्प्युटरपेक्षा भरवशाची असतात.

हेच बाकी विषयांना. '१९७२ चा दुष्काळ' टाकून काही येत नसेल तर ड्रॉट टाका, फॅमिन टाका, आणि एम्प्लॉयमेंट गॅरंटी टाका, कारण रोजगार हमीवर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला सुरुवात त्या दुष्काळापासून करावी लागते. कूळकायद्यावर शोधताय तर टेनन्सी आणि लँड रिफॉर्म्स. शब्द सुचत नसतील तर आधी मराठी विश्वकोशातली जवळची नोंद वाचा, ऑनलाइन आहे, फुकट आहे, आणि कित्येक नोंदींच्या शेवटी संदर्भग्रंथ दिलेले असतात, तेवढ्यानेही सुरुवात होते.

रिझल्ट जास्त येत असतील तर हीच गोष्ट उलटी करा. नुसतं 'आंबेडकर' टाकलं की पानंच्या पानं येणार. त्यात घटना घाला, महाड घाला, १९२७ घाला, नाहीतर डाव्या बाजूला विषयांची यादी येते त्यातला एक विषय क्लिक करा. शब्द वाढवायचे, पण एका वेळी एकच, म्हणजे कुठल्या शब्दाने यादी कमी झाली ते कळतं.

३. एक बरं पुस्तक मिळालं की त्याचं रेकॉर्ड उघडा

मुलं पुस्तकाचं नाव आणि नंबर लिहून घेतात आणि पुढे जातात. थांबा, त्या नावावर क्लिक करा. आत 'सब्जेक्ट' म्हणून निळ्या अक्षरात काही शब्द असतात, स्ट्राइक्स अँड लॉकआउट्स, टेक्स्टाइल वर्कर्स वगैरे. हे शब्द कॅटलॉग करणाऱ्याने ठरलेल्या यादीतून दिलेले असतात, लेखकाने पुस्तकाला काहीही नाव दिलेलं असू दे. त्यावर क्लिक केलंत की तो विषय दिलेली सगळी पुस्तकं समोर येतात, ज्यांच्या नावात तुमचा एकही शब्द नाही तीसुद्धा. म्हणून मी नेहमी सांगते की दहा पुस्तकं शोधू नका, एक नीट शोधा, पुढची नऊ तेच दाखवतं.

लेखकाच्या नावावरही क्लिक करा. एखाद्या विषयात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाने त्यावर एकच पुस्तक लिहून सोडलेलं नसतं.

४. कपाटाकडे जा, आणि नंबर नीट वाचा

पुस्तकाच्या पाठीवर जो नंबर असतो तो वर्गांक. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत ड्युई दशांश पद्धत आहे, थोड्या ठिकाणी रंगनाथन यांची कोलन पद्धत आहे, ती असेल तर काउंटरवर विचारून घ्या.

ड्युईत सगळ्यात जास्त चूक होते ती दशांशाची. समजा नंबर आहे ३३१.८९२. मुलं ३३१.९ च्या पुढे शोधतात, कारण आठशे ब्याण्णव हे नऊपेक्षा मोठं. पण हा दशांश आहे, एक एक आकडा वाचायचा, ८ हा ९ च्या आधी, म्हणून ३३१.८९२ हे ३३१.९ च्या आधी येतं आणि ३३१.८८ च्या नंतर. "मॅडम, कपाटात नाहीये" म्हणून आलेल्या मुलाबरोबर मी उठून जाते तेव्हा पुस्तक पुष्कळदा एक खण वर जागेवर उभं असतं.

जागा सापडली की नुसतं ते एक पुस्तक ओढून परत येऊ नका, डावीकडची आणि उजवीकडची हातभर पुस्तकं चाळा. शेजारी शेजारी एकाच विषयाची पुस्तकं यावीत म्हणूनच तो नंबर दिलेला असतो.

पण एकाच कपाटावर भरवसा नको. तुमचा विषय तुमच्या डोक्यात एक आहे, कपाटात तो फुटलेला आहे. संप हा कामगार प्रश्न म्हणून ३३१ मध्ये. कापड उद्योगाची अर्थव्यवस्था ३३८.४७६७७ ला. मुंबईचा इतिहास ९५४.७९ च्या आसपास. गिरण्यांच्या जमिनींचं पुढे काय झालं हे शहर नियोजनात, ७११ मध्ये, आणि ते कपाट कित्येकदा दुसऱ्याच मजल्यावर. गिरणगावावरच्या कादंबऱ्या आणि कविता ८९१.४६ ला, मराठी साहित्यात. आणि मराठी पुस्तकांचा विभाग बऱ्याच ठिकाणी पूर्ण वेगळा असतो, त्यामुळे त्याच ३३१ नंबरची मराठी पुस्तकं भलत्याच खोलीत सापडतात. समाजशास्त्राची मुलं ३०० च्या पलीकडे जात नाहीत आणि इतिहासाची ९५४ सोडून हलत नाहीत, म्हणून दोघांनाही अर्धंच मिळतं.

५. 'अव्हेलेबल' आहे पण जागेवर नाही

ह्याचा अर्थ एवढाच की ते कुणाच्या नावावर इश्यू झालेलं नाही. ते वाचनकक्षाच्या टेबलावर असू शकतं, परत आलेल्या पुस्तकांच्या ट्रॉलीवर असू शकतं, बांधणीला गेलेलं असू शकतं, नवीन पुस्तकांच्या डिस्प्लेत असू शकतं. तेव्हा आधी रेकॉर्डमध्ये 'लोकेशन' किंवा 'कलेक्शन' काय लिहिलंय ते बघा, 'रेफरन्स' (तिथेच बसून वाचायचं) किंवा 'स्टॅक' (आतल्या साठ्यात ठेवलेलं) असेल तर ते तुमच्या कपाटात कधीच नव्हतं. मग ट्रॉली, मग टेबलं, मग त्याच नंबरच्या वरचा-खालचा खण, मग पुस्तकांच्या मागे पडलंय का ते.

एवढं करून नाही मिळालं तर देवघेव काउंटरला जा, पण जाताना पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहून न्या. नाव सांगितलंत तर त्याच्या चार प्रती निघतात आणि गोंधळ होतो, दाखल क्रमांक त्या एका प्रतीचा असतो, त्यावरून ती प्रत शेवटची कधी कोणाकडे होती, हरवली म्हणून नोंद आहे का, हे कळतं. मुख्य म्हणजे हरवलेलं पुस्तक तुम्ही शोधत बसू नका, ते आमचं काम आहे. इश्यू झालेलं असेल तर रिझर्व्ह करा, आणि सबमिशनच्या आठवड्यात नाही तर आधी करा.

६. घरी न्यायच्या आधी पाच मिनिटं तपासा

हे कपाटाशेजारी उभ्या उभ्या करायचं. सगळ्यात आधी नावातली सालं बघा, उपशीर्षकासकट. मॉरिस यांचं पुस्तक १८५४ ते १९४७ चं आहे. राजनारायण चंदावरकर यांचं १९९४ चं फार मोलाचं पुस्तक १९०० ते १९४० चं आहे. दोन्ही गिरणी कामगारांवरच आहेत, दोन्हीत १९८२ नाही. मुलं छापल्याचं साल १९९४ बघतात आणि म्हणतात, म्हणजे संप आलाच असणार! ही पुस्तकं टाकून देऊ नका, जॉबर (गिरणीत कामगारांची भरती करणारा मुकादम), गावाकडचे संबंध, वस्तीतले हितसंबंध हे समजून घ्यायला ती लागतातच, फक्त ती तुमच्या पेपरच्या पार्श्वभूमीच्या भागात बसतील, मुख्य मुद्द्याला नाही.

मग अनुक्रमणिका. मग शेवटची सूची, तिथे 'सामंत', 'बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स अॅक्ट' असे तुमच्या कामाचे शब्द आणि त्यांच्यापुढे किती पानं आहेत ते बघा. एकच पान असेल तर उल्लेख आहे, सलग पंधरा पानं असतील तर प्रकरण आहे. बऱ्याच मराठी पुस्तकांना सूची नसते, तिथे प्रस्तावना पूर्ण वाचा, लेखकाने काय केलंय आणि काय केलेलं नाही ते बहुतेक तिथे सांगितलेलं असतं. शेवटी संदर्भग्रंथांची यादी आणि तळटीपा आहेत का बघा. दोन्ही नसतील, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'स्वाध्याय' असेल, तर ते क्रमिक पुस्तक किंवा गाईड आहे. ते विषय समजून घ्यायला वाचा, पेपरमध्ये संदर्भ म्हणून देऊ नका.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण ह्यात फरक करा, नावाच्या पानामागे दोन्ही छापलेलं असतं. पुनर्मुद्रणात मजकूर जुनाच असतो, वरचं साल नवीन दिसलं म्हणून माहिती नवीन होत नाही.

७. पुस्तकाच्या शेवटची यादी, आणि शोधगंगा

एक कामाचं पुस्तक हातात असेल तर त्याच्या संदर्भग्रंथांच्या यादीचे फोटो काढा आणि एक एक नाव ओपॅकवर टाका. ही यादी अशा माणसाने केलीय ज्याने विषयावर वर्षं घालवलीत, आपल्या दोन तासांच्या शोधाची तिच्याशी बरोबरी होणार नाही.

ही यादी मागे नेते, पुस्तक छापलं त्याच्या आधीचं दाखवते. पुढचं बघायला गुगल स्कॉलरवर ते पुस्तक टाका आणि खाली 'साइटेड बाय' वर क्लिक करा, नंतर कुणी कुणी ते वापरलं ते निघतं.

शोधगंगा मुलांना माहीत असतं पण ते चुकीच्या पद्धतीने वापरतात. ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची साइट, देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध त्यावर फुकट आहेत. प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो, आणि सगळ्यात शेवटी एक छोटी फाइल असते संदर्भसूचीची. प्रबंध वाचायला वेळ नसेल तर निदान ती एक फाइल उतरवा, मराठीतल्या प्रबंधांची तर नक्की, कारण त्यात जी मराठी पुस्तकं, स्मरणिका, युनियनच्या पुस्तिका असतात त्या ओपॅकवर शोधून सहज हाती लागत नाहीत. प्रबंधातले परिच्छेद उचलू नका, प्लेजरिझम तपासणीत ते सरळ पकडले जातात.

आणि आता ते न सापडणाऱ्या यादीचं लक्षण. गेल्या काही वर्षांत मुलं एआयला विचारून पुस्तकांची यादी घेऊन येतात. नावं इतकी खरी वाटतात की वाद घालायची सोय नाही, लेखक खरा, प्रकाशक खरा, आणि पुस्तक मात्र अस्तित्वातच नाही. अशा यादीतलं प्रत्येक नाव आधी वर्ल्डकॅटवर टाका, तिथे जगभरातल्या हजारो लायब्ऱ्यांची यादी एकत्र आहे. भारतातल्या विद्यापीठांसाठी इन्फ्लिबनेटचं इंडकॅट आहे. मराठी पुस्तक तिथे नसणं शक्य आहे, पण नावाजलेल्या परदेशी प्रकाशकाचं इंग्रजी पुस्तक दोन्हीकडे नसेल तर त्यामागे धावू नका. आणि न बघितलेलं पुस्तक संदर्भात घालू नका, कृपा करा, गाइडने, म्हणजे तुमच्या मार्गदर्शक शिक्षकांनी, एक प्रश्न विचारला तरी सगळा पेपर संशयात येतो.

८. दुसरी लायब्ररी

इथून पुढे वेळ आणि बसभाडं लागतं, म्हणून इतक्या खाली ठेवलंय.

घरबसल्या आधी हे करा. कॉलेज एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन वाचनसाहित्याच्या योजनेचं, सभासद असेल तर लायब्ररीतून लॉगिन मागा, त्यात ई-बुक्स आणि जर्नल्स दोन्ही आहेत, आणि हे लॉगिन मागायला कितीतरी मुलं शेवटच्या वर्षापर्यंत येतच नाहीत. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटने जुने अहवाल आणि पुस्तकं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलीत, अर्थकारण, शेती, कामगार ह्या विषयांवर ब्रिटिश काळातलं काही हवं असेल तर तिथे बघाच. इंटरनेट अर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकं भरपूर आहेत पण नावांची रोमन स्पेलिंग वाट्टेल तशी आहेत, दुसऱ्या तपासणीतलं सगळं तिथे परत लागू होतं. १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांवर काम असेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची मागा, १८०० पासूनची पुस्तकं तीत विषयवार लावलेली आहेत.

प्रत्यक्ष जायचं तर मुंबईत दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ पासूनचं आहे, मराठीसाठी आधी तिथेच. कालिन्याला विद्यापीठाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. फोर्टला टाउन हॉलच्या इमारतीत एशियाटिक सोसायटी आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशातल्या प्रकाशकांनी ज्या चार ग्रंथालयांना पुस्तकाची प्रत पाठवायची असते त्यातलं हे एक. पुण्यात विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आणि गोखले इन्स्टिट्यूट. गोव्यात पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, सुरुवात १८३२ ची. आणि इतर जिल्ह्यांतल्या मुलांनी आपलं शासकीय जिल्हा ग्रंथालय आणि गावातलं जुनं नगर वाचनालय आधी धुंडाळावं, शंभर-दीडशे वर्षांच्या ह्या वाचनालयांत जे स्थानिक साहित्य पडलेलं आहे ते मुंबईत मिळत नाही.

जायच्या आधी फोन करा, वेळ आणि सुट्टी विचारा, बाहेरच्या विद्यार्थ्याला बसू देतात का, पैसे किती, फोटो काढू देतात का हे विचारा. सोबत कॉलेजचं ओळखपत्र आणि प्राचार्य किंवा ग्रंथपालांच्या सहीचं पत्र न्या. पत्रात विषय आणि हव्या असलेल्या पुस्तकांची नावं लिहून घ्या, नुसतं 'अभ्यासासाठी' लिहिलेलं पत्र दाखवलं की समोरचा माणूसही मदत काय करणार.

९. कदाचित पुस्तक नसेलच

हे सगळं करून काहीच नसेल तर विषयाकडे बघा. विषय गेल्या दोन-तीन वर्षांतला असेल तर त्यावर पुस्तक यायचंय अजून, तिथे लेख, सरकारी अहवाल आणि वर्तमानपत्रंच लागतील. कामगार, शेती, शहर ह्या विषयांना इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे जुने अंक नक्की बघा, १९६६ पासूनचे आहेत, आणि संप चालू असताना लिहिलेलं विश्लेषण त्यात वाचायला मिळतं.

विषय फारच बारीक असेल, म्हणजे समजा 'लालबागच्या एका चाळीतल्या बायकांवर संपाचा परिणाम', तर त्या नावाचं पुस्तक नसणार, पण तीन पुस्तकांत एक एक प्रकरण असणार. मुलं विषय बदलायला निघतात, मी म्हणते बदलू नका, प्रकरणं शोधा. ज्या विषयावर आयतं पुस्तक नाही तोच खरा पेपर लिहिण्यासारखा विषय असतो.

कधी थांबायचं आणि कोणाकडे जायचं

दुसरी आणि तिसरी तपासणी नीट करून पाऊण तासात एकही कामाचं पुस्तक निघालं नाही, तर थांबा आणि ग्रंथपालांकडे किंवा संदर्भ विभागात जा. त्यापुढे एकट्याने शोधण्यात वेळच जातो. खराब फॉन्टमधला डेटा, हरवलेलं पुस्तक, बंद स्टॅकमधलं पुस्तक, डेलनेटमार्फत (हे लायब्ऱ्यांचं आपसातलं जाळं) दुसऱ्या लायब्ररीतून मागवायचं पुस्तक, ह्यातलं काहीच तुम्हाला बाहेरून सुटणार नाही, ते आमच्याच हातात आहे. पान हात लावताच तुटतंय असं पुस्तक मिळालं तर झेरॉक्सवर उपडं घालू नका, तसंच बंद करून आणून द्या, स्कॅन आहे का ते आम्ही बघतो.

पुस्तकं भरपूर मिळालीत पण त्यातून नक्की प्रश्न काय घ्यायचा ते कळत नसेल तर मात्र आमच्याकडे नको, गाइडकडे जा. तो निर्णय त्यांचा आणि तुमचा आहे.

आणि आमच्याकडे येताना एका कागदावर तीन गोष्टी आणा: पेपरचा प्रश्न एका वाक्यात, कुठले कुठले शब्द कुठल्या साइटवर टाकून झाले, आणि जवळपास जाणारं एखादं तरी पुस्तक, अगदी नावडलेलं का असेना. परवाच एक मुलगी असा कागद घेऊन आली, त्यात तिने बॉम्बे आणि मुंबई दोन्ही टाकून बघितलं होतं पण 'टेक्स्टाइल' हा शब्दच नव्हता. तो एक शब्द घातला आणि यादी समोर आली. सबमिशनच्या आदल्या दिवशी येऊ नका फक्त, डेलनेटवरून मागवलेल्या पुस्तकाला यायला दिवस लागतात.